घाटाचा राजा आणि शर्यतीचा राजा

मुंबई–पुणे सायकल शर्यतीची बातमी वाचताना एक गोष्ट पुष्कळांच्या मनात आली असेल. शर्यत एक, रस्ता एक, दिवसही एकच. पण मानकरी मात्र दोन. पुण्यात जो सर्वांच्या आधी पोहोचतो तो शर्यतीचा विजेता, हे कुणालाही समजण्यासारखे आहे. परंतु खोपोलीहून बोरघाट चढून जो प्रथम माथा गाठतो त्याला 'घाटाचा राजा' हा किताब देण्याची रीत या शर्यतीत पडली, आणि हा राजा पुण्यातही पहिला येतो असे नाही. क्रीडांगणावरच्या धावण्याच्या शर्यतीत निम्मे अंतर प्रथम कापणाऱ्याला कोणी बक्षीस देत नाही. त्याला उलट 'दमाने घे' असे सांगतात. मग सायकलीच्या शर्यतीतच हा दुसरा राजा कुठून आला?

प्रश्न तसा क्षुल्लक. पण त्याच्या उत्तरात एक दिवसाच्या सायकल शर्यतीचे सारे मर्म दडलेले आहे, आणि ते समजून घेण्यासाठी आपल्याला बोरघाटातून थेट इटलीच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन यावे लागेल. प्रवास लांबचा असला तरी रस्ता आपल्या ओळखीचा निघेल, याची हमी देतो. डोंगर, घाट आणि समुद्र यांची ही जी उतरंड आपण कोकणात जन्मापासून पाहतो, तीच तिथेही आहे. फक्त क्रम उलटा आहे.

प्रथम आपली शर्यत. मुंबई ते पुणे हे अंतर जुन्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. त्यातला पहिला निम्मा भाग, म्हणजे पनवेलवरून खोपोलीपर्यंतचा, जवळजवळ सपाट. खोपोलीला सह्याद्री आडवा येतो आणि दहाएक किलोमीटरच्या वळणावळणांत रस्ता जवळपास पाचशे मीटर वर चढतो. हा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत. त्याच घाटातून १८६३ मध्ये आगगाडी वर गेली. या वाटेचा माग साहेबाला शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवला अशी कथा सांगतात, आणि त्याचे देऊळ घाटात आजही आहे. ट्रकवाले तिथे हात जोडून आणि नाणे टाकून पुढे जातात. खंडाळा आले की चढ संपतो. लोणावळ्यापासून पुणे साठाहून थोडे अधिक किलोमीटर, आणि या सबंध अंतरात रस्ता जेमतेम साठ मीटर उतरतो. म्हणजे पुन्हा सपाटच म्हणायचा. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड, चिंचवड, पिंपरी आणि मग पुणे.

तात्पर्य, या शर्यतीच्या अगदी मधोमध एक भिंत उभी आहे आणि दोन्ही बाजूंना मोकळे मैदान आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे.

आता सायकलस्वाराचा शत्रू कोण, ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांनी सायकल शिकताना मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून अर्धे पायडल मारलेले आहे. तेव्हा शत्रू म्हणजे जमीन, असे वाटे. पण सायकल एकदा नीट वेगात आली की जमिनीचे घर्षण फारसे उरत नाही. उरतो तो वारा. वादळवारा नव्हे; अगदी पान न हलणाऱ्या दिवशीही आपणच हवेला छातीने ढकलत असतो. या हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटरचे ४० केले तर विरोध चौपट होतो, आणि तो चौपट विरोध दुप्पट वेगाने रेटायचा असल्याने दर क्षणाला लागणारे श्रम आठपट होतात. विज्ञान शाखेतल्या मित्रांना हे सांगणे न लगे, पण आपल्या कला शाखेत सायकली अधिक आणि भौतिकशास्त्र कमी, म्हणून हा विस्तार.

सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक सगळी ताकद या हवेवरच खर्च होते. मग तो काय करतो? दुसऱ्याच्या पाठीमागे दडतो. पुढच्याच्या मागल्या चाकाला आपले पुढचे चाक अगदी वीतभर अंतरावर लावून चालवले की पुढच्याने फोडलेल्या हवेत वाट मिळते, आणि मागच्याचे पाव ते एकतृतीयांश श्रम वाचतात. मोठ्या घोळक्याच्या मध्यात तर याहूनही अधिक. म्हणून सायकल शर्यतीत पन्नास-शंभर माणसे एकमेकांना चिकटून, एखाद्या लांबलचक प्राण्यासारखी, तासन्‌तास चालतात आणि पाहणाऱ्याला वाटते, हे शर्यत करताहेत की वारीला निघालेत! पण त्या घोळक्यात जो तो मनात हिशेब करत असतो. आज जो पुढे राहून वारा खातो तो संध्याकाळी हरतो, आणि जो दडून राहतो त्याच्या पायांत शेवटच्या झेपेपुरता जोर शिल्लक राहतो. ही गोष्ट न्यायाची आहे की नाही हा प्रश्न निराळा. या खेळाचा पाया मात्र हाच आहे.

घाट सुरू झाला की हे सारे बदलते. चढावर वेग ताशी पंधरावर येतो, आणि त्या वेगाला हवेचा विरोध ताशी ४० च्या मानाने सातवा हिस्सादेखील नसतो. आता दुसऱ्याच्या पाठीमागे लपून काही साधत नाही. आता शत्रू आहे स्वतःचे वजन. स्वार आणि सायकल मिळून सत्तर किलो धरले, तर एवढा बोजा जवळपास पाचशे मीटर उंच उचलायचा आहे. पंधरा-वीस मीटरचा एक माड धरला, तर असे पंचवीस-तीस माड एकावर एक उभे करून त्यांच्या शेंड्यावर सत्तर किलोचे पोते नेऊन ठेवायचे, तेही अर्ध्या-पाऊण तासात. इथे कुणी कुणाची मदत करू शकत नाही. सडपातळ अंगाचा, मोठ्या छातीचा, जिद्दीचा स्वार एकेकाला मागे टाकत जातो. घोळका फुटतो, त्याचे मणी ओघळतात आणि खंडाळ्याच्या वळणावर शेवटी एकटा माणूस दिसतो. बघणाऱ्याला वाटते, शर्यत इथेच संपली.

ती संपलेली नसते. समजा, आपल्या या राजाने माथ्यावर मागच्या घोळक्यापेक्षा तीन मिनिटांची आघाडी घेतली. तीन मिनिटे ही घाटात मोठीच मिळकत. आता पुढे साठ किलोमीटर सपाट रस्ता, आणि हा एकटा. वारा एकट्याने फोडत तो जीव तोडून ताशी ३६ ने जातो. मागे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने पुढे येत, एकमेकांना आडोसा देत, तेवढ्याच श्रमात ताशी ४० ने येतात. तीन मिनिटांची आघाडी म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर. तासाला चार किलोमीटर या हिशेबाने ती भरून निघायला २७ मिनिटे लागतात. तेवढ्यात आपला राजा जेमतेम सोळा किलोमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे कामशेतच्या आसपास. तिथे घोळका त्याला गिळतो. पुण्यापर्यंत टिकायचे तर त्याला माथ्यावर पुरी दहा मिनिटांची आघाडी हवी होती. जो घाट चढायलाच अर्धा-पाऊण तास लागतो त्यात बरोबरीच्या स्वारांवर दहा मिनिटे मिळवायची कशी?

म्हणून घाटाच्या राजासाठी निराळा किताब. ती संयोजकांनी केलेली मेहेरबानी नव्हे. रस्त्याने ज्याच्यावर अन्याय केला त्याला दिलेली ती भरपाई आहे. घाट मध्यावर असल्यामुळे शर्यतीतले सर्वांत मोठे शौर्य निकालाच्या कागदावर उमटतच नाही, म्हणून त्याची निराळी नोंद ठेवायची. ही कल्पना केवळ आपली नाही. फ्रान्समधली तीन आठवड्यांची सुप्रसिद्ध शर्यत, टूर द फ्रान्स, तिच्यात 'पर्वतांचा राजा' हा किताब १९३३ पासून दिला जातो. पहिला मान व्हिसेन्ते त्रुएबा या स्पॅनिश स्वाराला मिळाला आणि १९७५ पासून त्याचा मानकरी लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा घालून फिरतो.

पण अन्यायाची भरपाई करण्याऐवजी रस्ताच बदलला तर? हा प्रयोग इटलीत झाला.

इटलीतील मिलान ते सान रेमो ही शर्यत जगातल्या जुन्या एकदिवसीय शर्यतींपैकी एक. 'ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या क्रीडादैनिकाने ती १९०७ साली सुरू केली. मिलान हे उत्तर इटलीच्या मैदानातले शहर, सान रेमो हे समुद्रकाठचे. अंतर २८० किलोमीटरहून अधिक. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाऊन परत यावे, तेही एका दमात, एवढे. पहिल्या वर्षी ३३ स्वार निघाले, १४ पोहोचले आणि ल्यूसियाँ पेती-ब्रेतों हा फ्रेंच स्वार अकरा तासांहून अधिक वेळ पायडल मारून पहिला आला. मिलानपासून मैदान ओलांडत आले की समुद्राच्या अलीकडे डोंगराची रांग आडवी येते, आणि तुर्किनो नावाच्या खिंडीतून पलीकडे उतरावे लागते. या खिंडीची उंची ५३२ मीटर. म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या अगदी बरोबरीची! आणि तीही शर्यतीच्या मध्यावर. खिंड उतरली की समुद्र लागतो आणि उजव्या हाताला वळून किनाऱ्याकिनाऱ्याने सव्वाशेहून अधिक किलोमीटर जायचे. आपण देशावर चढतो, ते देशावरून कोकणात उतरतात, एवढाच फरक.

सुरुवातीच्या काळात ही मधली खिंड निकाल लावायला पुरेशी होती. याची कारणे दोन. रस्ते मातीचे आणि भयंकर. आणि सायकलींना गिअर नव्हते. त्या काळी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना लहानमोठी दातेरी चाके असत, आणि चढ लागला की स्वार खाली उतरून, चाक काढून, उलटे करून पुन्हा बसवी. गिअर बदलण्याचे यंत्र पुढे निघाले, तरी टूर द फ्रान्समध्ये ते वापरण्याची मुभा १९३७ साली मिळाली. अशा साधनांनी घाट चढताना जी दाणादाण उडे, ती पुढे सपाटीवरही निस्तरत नसे.

१९१० सालची शर्यत याचे टोकाचे उदाहरण. त्या एप्रिलमध्ये तुर्किनोवर बर्फ पडले होते. यूजेन क्रिस्तोफ नावाचा फ्रेंच स्वार खिंडीपलीकडे गारठून रस्त्याच्या कडेलाच उभा राहिला, हातपाय चालेनात. एका गृहस्थाने त्याला घरात नेले, कांबळ्यात गुंडाळले, शेक दिला. खिडकीतून आपले प्रतिस्पर्धी पुढे जाताना दिसले तेव्हा हा उठला, मिळालेली लांब विजार चढवून पुन्हा सायकलवर बसला आणि एकेकाला गाठत सुमारे साडेबारा तासांनी सान रेमोत पहिला पोहोचला. पंचांच्या अंतिम यादीत त्या दिवशी अवघी चार नावे राहिली. क्रिस्तोफने पुढे महिनाभर इस्पितळात काढला. असले पराक्रम वाचताना अंगावर काटा येतो हे खरे, पण मला तो कांबळे देणारा गृहस्थही विसरता येत नाही. त्याचे नाव यादीत कुठेच नाही.

दुसरे उदाहरण १९४६ चे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले, पूल मोडलेले, रस्ते उखडलेले. फाउस्तो कोप्पी हा इटालियन स्वार युद्धात उत्तर आफ्रिकेत इंग्रजांच्या हाती सापडून कैदेत राहून आलेला. तो शर्यतीच्या आरंभीच निसटलेल्या एका लहान टोळीत शिरला, तुर्किनोच्या चढावर शेवटचा सोबती तेसेर यालाही मागे टाकून एकटा झाला, आणि तिथून पुढे जवळजवळ निम्मी शर्यत त्याने एकट्याने मारली. तो सान रेमोला पोहोचला तेव्हा दुसरा आलेला तेसेर चौदा मिनिटे मागे होता. पुढचा स्वार येईपर्यंत करायचे काय, म्हणून नभोवाणीवर मधल्या वेळात संगीत लावावे लागले असे सांगतात. आपल्या मघाच्या हिशेबाने ही गोष्ट अशक्य होती. पण हिशेब बरोबरीच्या स्वारांचा होता, आणि त्या दिवशी कोप्पीच्या बरोबरीचे कोणी नव्हते.

हा अपवाद. पुढे रस्ते डांबरी झाले, सायकली हलक्या झाल्या, गिअर आले, आणि मुख्य म्हणजे घोळका संघटित झाला. तुर्किनोवर निसटलेला माणूस किनाऱ्याच्या सपाटीवर हमखास पकडला जाऊ लागला, अगदी आपल्या कामशेतसारखा. शेवटी मोठा घोळका सान रेमोत शिरे आणि शेवटच्या दोनशे मीटरांत ज्याची झेप मोठी तो जिंके. अशी झेप त्या काळी बेल्जियन आणि स्पॅनिश स्वारांची मोठी होती. लोरेत्तो पेत्रुच्ची याने १९५२ आणि १९५३ ची शर्यत जिंकली, आणि त्यानंतर इटालियनांना आपल्याच घरची शर्यत १९७० पर्यंत जिंकता आली नाही. त्या वर्षी मिकेले दान्चेल्ली जिंकला.

या दुष्काळाच्या मध्यावर संयोजक विन्चेन्झो तोरियानी याने जे केले ते माझ्या मते या शर्यतीच्या इतिहासातील सर्वांत हुशारीचे कृत्य होय. १९६० साली त्याने शर्यत संपण्याच्या किंचित अलीकडे सरळ किनारा सोडून उजवीकडच्या टेकडीवर चढवली. पोज्जो हे त्या टेकडीचे नाव. बाजूला फुलांच्या लागवडीची काचघरे, मध्ये अरुंद वळणे. चढ उणापुरा पावणेचार किलोमीटर, उंची सुमारे १६० मीटर. बोरघाटापुढे हे म्हणजे आपल्या गावातली उंच पाखाडी! उतरताना चार मिनिटेही लागत नाहीत. पण तिचा माथा शर्यत संपण्याच्या जागेपासून अवघा साडेपाच-सहा किलोमीटर आहे, आणि सारी जादू तेवढ्यात आहे.

मघाचेच गणित इथे करून पाहा. एकटा ताशी ३६ ने, घोळका ४० ने. साडेपाच किलोमीटरला एकट्याला लागतात नऊ मिनिटे दहा सेकंद, घोळक्याला सव्वाआठ मिनिटे. म्हणजे माथ्यावर मिनिटभराची आघाडी असली तरी भागते. प्रत्यक्षात याहूनही कमी पुरते, कारण पहिले तीनएक किलोमीटर वेडावाकडा उतार आहे, आणि उतारावरच्या वळणांत घोळक्याला आडोशाचा फायदा मिळत नाही. तिथे ज्याची छाती मोठी तो पुढे. १९६९ साली बेल्जियमचा एडी मर्क्स या उतारावरूनच निसटला आणि केवळ १२ सेकंदांनी जिंकला. ही शर्यत त्याने एकूण सात वेळा जिंकली, १९६६ ते १९७६ या अकरा वर्षांत. १९८३ मध्ये ज्युसेप्पे सारोन्नी विश्वविजेत्याचा सदरा घालून पोज्जोच्या चढावर निसटला आणि एकटाच सान रेमोत आला. १९९२ मध्ये उलटे झाले. मोरेनो आर्जेन्तिन चढावर सुटला, पण आयर्लंडचा शॉन केली याने उतारावर जिवाची पर्वा न करता त्याला गाठले आणि अखेरच्या झेपेत हरवले.

पाचशे मीटरच्या खिंडीला जे जमत नाही ते दीडशे मीटरची टेकडी करते, ते केवळ ती कुठे आहे यामुळे.

तोरियानीचा दुसरा प्रयोग मात्र गमतीचा झाला. पोज्जोवरही घोळका एकत्र राहू लागला तेव्हा १९८२ साली त्याच्या आधी, शेवटापासून वीस-बावीस किलोमीटरवर, चिप्रेसा नावाची आणखी एक चढण घातली गेली. बड्या स्वारांना लढायला जागा मिळावी हा हेतू. आणि त्याच वर्षी बडे स्वार एकमेकांकडे बघत राहिले, सकाळी निसटलेल्या टोळीतले दोन फ्रेंच तरुण पुढेच राहिले, त्यांतला आलँ बोंद्यू पोज्जोच्या उतारावर पडला आणि नवखा मार्क गोमेझ जिंकून गेला! रस्ता कितीही विचार करून आखला, तरी माणसे आपल्या मर्जीनेच वागतात.

इथे व्यावसायिक शर्यतीतील एक गोष्ट सांगितली पाहिजे, जिच्याशिवाय हे सारे अर्धवट कळेल. युरोपातले हे स्वार पगारी असत आणि आहेत. पूर्वी त्यांचे मालक सायकली बनवणारे कारखाने होते. १९५४ साली फियोरेन्झो मान्यी याने चेहऱ्याला लावायच्या निव्हिया मलमाच्या कंपनीचे नाव छातीवर घेतले आणि इतर धंद्यांचा पैसा या खेळात आला. संघात आठ-दहा जण, पण जिंकायचे एकाने. बाकीच्यांचे काम त्याच्यापुढे राहून वारा खायचा, त्याला पाणी आणून द्यायचे, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून द्यायचे. इटालियन भाषेत यांना 'ग्रेगारिओ' म्हणतात, म्हणजे साधा शिपाईगडी. आपण त्यांना पाणक्ये म्हणू. सांगायचे असे की, घाटाच्या राजाला कामशेतपाशी पकडणारा घोळका आपोआप वेगात येत नाही. त्याच्या तोंडाशी कोणीतरी पाणक्या आपली शर्यत हरून दुसऱ्यासाठी पायडल मारत असतो. घाटाच्या राजाला निदान किताब आहे; या माणसाला तोही नाही.

आपल्याकडचे सायकलपटू या अर्थाने व्यावसायिक नव्हते. बहुतेक चांगले स्वार रेल्वे, सैन्यदल अशा ठिकाणी नोकरीस लागत आणि त्या संघांतून उतरत. उरलेले आपली सायकल घेऊन स्वतःच्या हिमतीवर येत. संघ नसलेल्या अशा मुलाला पुण्यापर्यंतच्या सपाटीवर कोण आडोसा देणार? त्याला मोठ्या संघांविरुद्ध आपले नाव ऐकवण्याची एकच जागा, ती म्हणजे घाट. कारण तिथे संघाचा उपयोग नाही. मला वाटते, 'घाटाचा राजा' या शब्दांना महाराष्ट्रात जे वजन आले, ते यामुळे. शर्यत संघ जिंकतो, घाट माणूस जिंकतो.

घाट सर्वत्र असतातच असे नाही. पॅरिस–रुबे ही १८९६ साली सुरू झालेली फ्रेंच शर्यत जवळजवळ सपाट मुलखातून जाते. तिथे निवडा करण्याचे काम दगड करतात. शेतांमधून जाणाऱ्या जुन्या ओबडधोबड फरसबंदीच्या वाटा त्यांनी मुद्दाम शोधून शर्यतीत घातल्या. त्यांतली आरेनबर्गच्या जंगलातली सरळसोट वाट १९६८ साली जाँ स्ताब्लिन्स्की या स्वाराने सुचवली. तो तरुणपणी त्याच वाटेच्या खाली असलेल्या कोळशाच्या खाणीत मजूर होता. जमिनीखालून आणि जमिनीवरून अशी दोन्हीकडून ती वाट ओळखणारा दुसरा सायकलस्वार नसेल. विजेत्याला तिथे चषकाऐवजी रस्त्यातला एक दगड देतात. आपल्या रस्त्यांवर शर्यत घेतली तर विजेत्याला काय द्यावे हा विचार मनात येतो, पण तो इथे नको.

बोरघाट काही उचलून पिंपरीत आणता येत नाही. उलट, मुंबई–पुणे शर्यतीच्या वाटेत माणसांनी आणि वाहनांनीच नवे घाट उभे केले. जुना रस्ता दिवसभर मोकळा ठेवणे वर्षागणिक अवघड होत गेले. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर सायकलला मुळात प्रवेशच नाही. शर्यतीत मधून मधून खंड पडत गेले. ज्या देशात एक रस्ता एक सकाळभर सायकलींना देणे जड जाते, तिथे घाटाच्या राजाचे राज्य लहानच राहणार.

आणि रत्नागिरी? आपल्याकडून कोल्हापूरकडे निघावे तर हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट लागतो. पण तोही वाटेच्या मध्यावरच आणि पुढे मलकापुरापासून कोल्हापुरापर्यंत मोकळे रान. म्हणजे तिथेही राजा पकडलाच जाणार. परंतु एकदा गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या वाटेने सायकलवर येऊन पाहा. सान रेमोच्या अलीकडे किनाऱ्यालगतची जी भूशिरे लागतात, तशीच इथे समुद्राला खेटून एकामागून एक चढण-उतरण लागते. उजवीकडे खाली पाणी, डावीकडे जांभ्याचा कातळ. मग साखरतरचा पूल, शिरगाव, आणि गावात शिरल्यावर बंदराकडून माळनाक्याकडे जाणारी ती चढण, जिच्यावर भाड्याच्या सायकलीवरून उतरून आपण सगळ्यांनीच कधी ना कधी हातात सायकल धरून वर नेली आहे. चढण लहान आहे. पण शर्यतीचा शेवट मारुती मंदिरापाशी ठेवला, तर तिच्यानंतर पकडायला घोळक्याला वेळच उरत नाही.